पावसाळी दिवशी वेफरच्या कारखान्यात

पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर खरिपाच्या बटाट्याची काढणी ऐन पावसात येते. अशाच एका झडीच्या दिवशी तेथील काही शेतकरी वेफरचा कारखाना पाहावयास गेले असता, फाटकाशीच बटाट्याचा एक ट्रक परत फिरविला जात होता. माल दिसावयास टपोरा होता. मग तो नाकारला का?

निकाल यंत्रावर नव्हे, एका लहानशा कढईत लागतो. निरनिराळ्या गोण्यांतून काढलेल्या बटाट्यांचे पातळ काप सुमारे १८० अंश सेल्सियस तापलेल्या तेलात तळतात. काप फिकट पिवळे राहिले तर माल उतरवून घेतात. तपकिरी झाले तर नाही. हा तपकिरी रंग बटाट्यातील काही विशिष्ट शर्करांमुळे येतो व चवही कडवट होते. कोवळ्या बटाट्यात या शर्करा अधिक असतात. २ ते ४ अंशांच्या शीतगृहात ठेवलेल्या मालातही त्या वाढतात; म्हणून वेफरचा बटाटा १० ते १२ अंशांवर साठवितात. ही कढईची परीक्षा शेतकऱ्यास काढणीपूर्वी घरीही करता येण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, आणि वेफरमध्ये जेमतेम २ टक्के उरते. घनांश २० टक्क्यांहून कमी असला की उतारा घटतो व तेल अधिक शोषले जाते. नत्राचा उशिरा दिलेला हप्ता व घाईची काढणी यांमुळे हेच घडते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची १९९८ मध्ये प्रसृत झालेली कुफरी चिपसोना-१ ही जात या कामी मुद्दाम काढलेली आहे. परंतु जात चांगली म्हणून कोवळा माल चालत नाही.

पाऊस कोणाच्या हाती नाही, पण वरंब्यांना भर देऊन पाणी निघून जाण्यास चर काढता येतात. काढणीपूर्वी १० ते १५ दिवस पाला कापावा, म्हणजे साल घट्ट होते. उघडीप पाहून काढणी करावी व बटाटे सावलीत सुकवून मगच गोण्या भराव्यात. उन्हात राहिलेला बटाटा हिरवा पडतो. ओल्या गोणीतील सडतो, आणि चिखलाखाली हे दोन्ही दोष झाकले जातात.

शेवटच्या दालनात पाकिटे भरली जात होती. पाकीट फुगलेले पाहून गिऱ्हाईक कुरकुरते, पण आत असतो तो नत्रवायू; त्याने तेल खवट होत नाही व वेफर चुरत नाहीत.

परत फिरलेला ट्रक भाजीच्या बाजाराकडे गेला. माल तेथे खपतो; भाव त्या दिवशी मिळेल तो, आणि वाहतूक दोनदा पडते.