ठरावातील शब्द आणि गावाचा पैसा

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपल्या शाळेची ही व्याख्यानमाला चालते, ते अखेरपर्यंत स्वतःस 'बोर्डाचा मास्तर' म्हणवीत. हे बोर्ड म्हणजे लोकल बोर्ड. आजच्या विद्यार्थ्यांस त्याचा अर्थ सांगावा लागेल. 18 मे 1882 रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव काढला आणि त्यास अनुसरून 1884 साली मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डांचा कायदा झाला. पैसा मात्र त्याआधीपासूनच गोळा होत होता. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई. त्याचे दोन हिस्से रस्त्यांकडे आणि एक हिस्सा शाळांकडे जाई. आण्याच्या बारा पई. त्यांपैकी आठ पई सडकेला आणि चार पई शाळेला. बेळगाव जिल्ह्यातील आपल्या कित्येक खेड्यांत पहिली पाटी आणि पहिला फळा या चार पईंतून आला.

या चार पईंचा हिशेब कोणी आणि कसा ठेवावा, हा प्रश्न तेव्हा होता तसाच आजही आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे 1964 चा नगरपालिका कायदा आला. आजच्या व्यवस्थेत वीस ते पन्नास हजार वस्तीच्या गावास पुरसभा असते आणि त्याहून लहान गावास पट्टण पंचायत. नावे पालटली, कागदाची वाट फारशी पालटली नाही. निवृत्तीनंतर एक मुदत मी अशाच एका लहान गावच्या पुरसभेत सदस्य होतो. गावाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. जे घडले त्यात माझाही हात होता, आणि ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम कागदाची वाट पाहू. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, आरोग्य यांपैकी एखाद्या विभागाकडून मागणी निघते. त्या खर्चास अर्थसंकल्पात तरतूद आहे किंवा नाही, हे पाहिले जाते. मग अंदाजपत्रक होते, मंजुरी मिळते आणि निविदा मागविल्या जातात. भाग घेणाऱ्याने बयाणा भरावयाचा असतो. (आमचा शेतकरी जमिनीच्या व्यवहारात याच अर्थी 'विसार' म्हणतो, कचेरीत मात्र बयाणाच टिकला.) निविदा उघडल्या की दरांचा तुलनात्मक तक्ता तयार होतो. तो विषयपत्रिकेवर येतो, सभेत ठराव होतो, कोणी सूचक व कोणी अनुमोदक होतो. त्यानंतर पुरवठ्याचा आदेश, माल आल्यावर साठा नोंदवहीत नोंद, मग बिल आणि सर्वांत शेवटी लेखापरीक्षकाचे आक्षेप. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीच्या पारदर्शकतेचा कायदा 1999 साली झाला. त्याच्या मूळ नियमांत दोन कोटींपर्यंतच्या निविदेस किमान तीस दिवस दिलेले होते, आणि ही मुदत कमी करावयाची तर वरिष्ठ अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत असे बंधन होते. आता बहुतेक व्यवहार संगणकावरून होतो. लखोटे फोडण्याचा समारंभ त्यामुळे गेला. त्याबरोबर काही जुन्या लबाड्याही गेल्या, हे मान्य केले पाहिजे.

परंतु संगणक दर पाहतो. काय विकत घ्यावयाचे हे तो सांगत नाही. ते ठरते मागणीपत्रातील व ठरावातील शब्दांनी. माझा सारा जन्म शब्द शिकविण्यात गेला. तरीही हे मला उशिरा कळले.

'ठराव' हा शब्दच पाहा. तो आपल्या शेजाऱ्यांच्या कन्नडमध्येही 'ठरावु' या रूपाने नांदतो. 'ठरणे' म्हणजे स्थिर होणे. हलत्या गोष्टीला एका जागी आणणे. ठराव झाल्यावर संशयाला जागा उरू नये, ही त्यातील अपेक्षा. प्रत्यक्षात मात्र आमच्या ठरावांत तीन शब्दप्रयोग फिरूनफिरून येत: 'आवश्यकतेनुसार', 'योग्य त्या दर्जाचे' आणि 'पुढील कार्यवाहीचे अधिकार अध्यक्षांस देण्यात येत आहेत'. ऐकावयास हे सभ्य वाटतात. पण जे सभेने ठरवावयाचे, ते सभेबाहेर ठरविण्याची मोकळीक या तिन्हींत दडलेली असते. यावर मी सभेत एकदाही बोललो नाही. शिवाय मसुदे कन्नडमध्ये असत. माझी कन्नड बाजारापुरती चांगली, कचेरीपुरती कच्ची. मराठी प्रत मागावी, अशी आम्हा काही सदस्यांची इच्छा असे. पण तेवढ्यासाठी सभा लांबवावी असे कोणासच वाटत नसे. भाषेचा हक्क आपण चौकात मोठ्याने मागतो आणि कागद समोर आला की सही करून मोकळे होतो. निदान मी तरी तसे केले.

एका उन्हाळ्यात ब्लीचिंग पावडरच्या खरेदीचा विषय आला. पाण्याच्या टाकीत टाकावयाची ही भुकटी. ठरावात पोत्यांची संख्या होती, वजन होते, 'योग्य त्या दर्जाची' हेही होते. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली. अनुमोदक मी होतो. वर्षभराचा माल एकदम आला आणि पाणीपुरवठ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये थप्पी लागली.

पुढे जे मला कळले, ते कोणत्याही पाणवाल्यास ठाऊक असते. ताज्या भुकटीत साधारण तेहतीस टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. ऊन, दमट हवा आणि उघडे पोते यांनी तो दिवसेंदिवस उडून जातो. भुकटी दिसावयास पांढरीच राहते, वासही काही काळ येतो. पण तिच्या अंगचे बळ गेलेले असते. नळाच्या शेवटच्या टोकाशी दर लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. तो उरला आहे की नाही, हे तपासणे काचेच्या नळीत ओ. टी. द्रावणाचे काही थेंब टाकण्याइतके सोपे आहे. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे, न झाल्यास नाही. आमच्याकडे ते द्रावण संपले होते, आणि ते मागविण्याचा कागद वेगळ्या टेबलावर होता.

श्रावणात एका गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आली. तेथे नळाची वाहिनी गटाराखालून गेली होती आणि सांधा गळत होता. गळका सांधा हे कारण खरेच. पण पाण्यात क्लोरीन असता तर त्याने काही भार उचलला असता. सुदैवाने कोणी दगावले नाही. माझ्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाई त्याच गल्लीतील. चार दिवसांनी त्या आल्या, त्या भिंतीला धरून. "सर, नळाचं पाणी तुमीच बघता न्हवं?" एवढेच त्या म्हणाल्या. त्यात आरोप नव्हता. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

मी कचेरीत जाऊन ठराव काढून वाचला, या वेळी शब्दन्‌शब्द लावून घेत. पुरवठादारावर कारवाई करावी असे मनात होते. पण त्याने ठरावातील एकही शब्द मोडला नव्हता. क्लोरीनची टक्केवारी आम्ही लिहिली नव्हती, पोत्यावर उत्पादनाची तारीख असावी असे लिहिले नव्हते, नमुना तपासून मगच बिल द्यावे असेही लिहिले नव्हते. 'योग्य तो दर्जा' कोणता, हे त्याने ठरविले. ती मोकळीक त्याला आम्हीच दिली होती.

यावर सुचणारा उपाय म्हणजे दरमहा थोडी थोडी खरेदी करावी. तो कचेरीत मांडताच लेखापालांनी हात जोडले. एका खरेदीचे तुकडे पाडून निविदेची मर्यादा चुकविणे हा लेखापरीक्षणातील नेहमीचा आक्षेप, आणि तो योग्यही आहे. कारण बहुतेक ठिकाणी तुकडे त्यासाठीच पाडले जातात. म्हणजे एकदम घ्यावे तर भुकटी मरते, थोडे घ्यावे तर नियम मोडतो. वाट निघाली ती दरकरारातून. संपूर्ण वर्षाच्या गरजेची निविदा एकच काढावयाची, दर वर्षभरासाठी बांधून घ्यावयाचा आणि माल मात्र महिन्याच्या महिन्यास मागवावयाचा. यात निविदा अखंड राहते आणि भुकटीही ताजी मिळते. ही युक्ती नवी नव्हे, सरकारी खात्यांत ती पूर्वापार आहे. आमच्या गावात ती कोणी वापरली नव्हती, इतकेच.

येथे एक आठवण नोंदवितो. प्रबंधासाठी कचेरीतील मराठीचा अभ्यास करताना मी स्वातंत्र्यपूर्व काळातील काही नगरपालिकांची इतिवृत्ते वाचली होती. रस्त्यावरील कंदिलांसाठी रॉकेल घेण्याचा एक ठराव त्यांत होता. डबे सीलबंद असावेत, दोन सभासदांसमक्ष फोडावेत, एका डब्यातील तेल कंदिलात घालून रात्रभर जाळून पाहावे आणि काजळी धरल्यास सर्व डबे परत करावेत, असे त्यात लिहिले होते. तेव्हा मी त्यातील क्रियापदांची रूपे टिपून घेतली आणि वही मिटली.

पुढच्या वर्षीच्या ब्लीचिंग पावडरच्या ठरावाचा मसुदा मी आणि कचेरीतील एक तरुण कारकून, दोघांनी मिळून केला. त्याने कन्नडमध्ये, मी शेजारी मराठीत. क्लोरीनची किमान टक्केवारी, पोत्यावरील तारीख, हवाबंद वेष्टन, दरमहा पुरवठा, प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत आणि अहवाल आल्यावरच बिल. दर पूर्वीपेक्षा चढा आला. सभेत त्यावर बरीच गरमागरमी झाली. प्राध्यापकांनी गावाचे पैसे वाढविले असेही कोणी म्हणाले, आणि ते आकड्यांनी खोटे नव्हते. ठराव मंजूर झाला. पूर्वी तीन ओळींत मावणारा विषय या वेळी एक पानभर झाला, म्हणून इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने माझ्याकडे तक्रार केली. मी त्यास चहा पाजला. ओ. टी. चाचणीची वहीही त्या महिन्यापासून नळ सोडणाऱ्या माणसाकडे राहू लागली.