चिपवरचा गुणाकार नेमका कुठे वाचतो?

भिंगार छावणीच्या परिसरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि नगरजवळच वाहननगरला डीआरडीओची ‘व्हीआरडीई’ ही लष्करी वाहनांची प्रयोगशाळा. उद्याची वाहनं चालकाविना धावायची असतील, तर समोर खड्डा आहे की नुसती सावली, हे दूरच्या सर्व्हरला विचारून भागणार नाही. गाडीवरच्याच चिपला, आहे तेवढ्या विजेत, ते ठरवावं लागेल. कॅमेऱ्याचं चित्र ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कचा मुख्य भार ज्या क्रियेवर असतो तिला कॉन्व्होल्यूशन म्हणतात. क्रिया साधी आहे: नऊ आकड्यांची 3×3 चौकट चित्रावर ठेवायची, प्रत्येक आकड्याला खालच्या पिक्सेलने गुणायचं, बेरीज करायची आणि एक घर पुढे सरकायचं. ऑक्सफर्डमध्ये 2014 साली तयार झालेल्या ‘व्हीजीजी-16’ या नेटवर्कला एक चित्र ओळखायला असे सुमारे दीड हजार कोटी गुणाकार करावे लागतात. म्हणून हे सर्किट स्वस्त करायचं म्हणजे गुणाकार स्वस्त करायचा, इथवर कुणाचं दुमत नाही. मतभेद पुढे सुरू होतात, आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा खर्च चुकीच्या मापाने मोजण्यात असतं.

योग्य माप कोणतं ते गुणाकाराच्या सर्किटमध्ये डोकावलं की कळतं. आठ बिटांच्या दोन संख्या गुणायच्या तर पहिल्या संख्येच्या प्रत्येक बिटाची दुसरीच्या प्रत्येक बिटाशी जोडी लावावी लागते. म्हणजे 64 जोड्या, तितकीच ‘अँड’ गेट, आणि त्यांची उत्तरं एकत्र करायला बेरजेच्या सात ओळी. नुसत्या बेरजेला अशी एकच ओळ पुरते. तेव्हा मोजायच्या त्या बिटांच्या जोड्या. गुणाकार किती झाले ही त्यानंतरची गोष्ट.

हे माप हाती घेतलं की आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या एका लाडक्या प्रकल्पाचा, ‘वैदिक मल्टिप्लायर’चा, हिशोब लगेच लागतो. भारती कृष्ण तीर्थांच्या 1965 साली छापलेल्या ग्रंथातली ऊर्ध्व-तिर्यक पद्धत तोंडी हिशोबाला झकास आहे, पण आठ बिटांना तिथेही 64 जोड्या लागतातच. फरक पडतो तो बेरजा कोणत्या क्रमाने मांडल्या यात, आणि त्या झटपट उरकण्याची चांगली मांडणी वॉलेस यांनी 1964 मध्येच दिली होती. वेग थोडा वाढेलही. जोडी मात्र एकही कमी होत नाही.

खरी काटकसर श्मुएल विनोग्राड यांच्या गणितात आहे. 2015 मध्ये अँड्र्यू लॅव्हिन आणि स्कॉट ग्रे यांनी ते न्यूरल नेटवर्कला लावलं. एका ओळीतले पिक्सेल 1, 2, 3, 4 आणि चौकटीचे आकडे 2, 4, 6 घ्या. सरळ रीतीने सहा गुणाकार करून उत्तरं येतात 28 आणि 40. आता दुसरी वाट पाहा. 2, 4, 6 यांच्या बेरजेची निम्मी 6. मधल्या आकड्याचं चिन्ह उलटवून तीच बेरीज केली तर तिची निम्मी 2. चौकट ठरलेली असल्याने हे आकडे आधीच काढून ठेवता येतात. मग गुणाकार उरतात चार: (1−3)×2 = −4, (2+3)×6 = 30, (3−2)×2 = 2 आणि (2−4)×6 = −12. पहिल्या तिघांची बेरीज 28. तीसमधून 2 आणि −12 वजा केले की 40. दोन गुणाकार गेले, चार बेरजा वाढल्या. हेच उभं-आडवं दोन्हीकडे केलं की 36 गुणाकारांचं काम 16 मध्ये होतं, म्हणजे सव्वादोन पट बचत.

जाहिरात इथे संपते, पण हिशोब संपत नाही. पिक्सेलची आधीच बेरीज-वजाबाकी केल्याने आठ बिटांची संख्या दहा बिटांपर्यंत फुगते. चौकटीचे आकडे निम्मे करताना अपूर्णांक टाळले, तर सोळापैकी चार आठ बिटांतच राहतात, आठांना दहा बिट लागतात आणि चारांना बारा. जोड्या मोजल्या तर मूळच्या 2304 च्या जागी 1600. सव्वादोन पटींची बचत दीडपटीच्याही आत आली, आणि वाढलेल्या बेरजा यात धरलेल्याच नाहीत. उलट, बिट आठांवरून चारांवर आणले तर प्रत्येक गुणाकाराच्या 64 जोड्यांच्या थेट 16 होतात. म्हणून माझ्या मते पहिला हात बिटांच्या संख्येलाच घालायला हवा. त्याने ओळख चुकेल, ही शंका रास्त आहे. मात्र गुगलने 2015 पासून आपल्या केंद्रांत वापरलेली टीपीयू चिप आठच बिटांच्या 65,536 गुणकांवर चालली. चार बिटांवर अचूकता घसरते हे खरं, पण नेटवर्कला त्याच चार बिटांत पुन्हा शिकवलं की त्यातली बरीच भरून निघते.

याहून भारी आक्षेप मेमरीचा. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी 2014 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार 32 बिटांच्या पूर्णांक गुणाकाराला सुमारे 3 पिकोजूल लागतात, तर बाहेरच्या मेमरीतून तेवढीच माहिती आणायला 640. मग गुणाकारात कंजुषी करून काय साधतं? व्हीजीजीमध्येच याचं उत्तर आहे. तिच्या 13.8 कोटी आकड्यांपैकी जेमतेम दीड कोटी कॉन्व्होल्यूशनच्या थरांत आहेत, पण सुमारे 99 टक्के गुणाकार तिथेच होतात. पहिल्या थरात चौकटीचा एकेक आकडा एकदा आणला की चित्राच्या 50,176 जागी वापरला जातो. आणण्याचा खर्च इतक्या ठिकाणी वाटला गेला की भारी पडतो तो गुणाकारच. आक्षेप खरा ठरतो तो शेवटच्या थरांत, जिथे प्रत्येक आकडा एकदाच कामाला येतो. 2017 च्या ‘मोबाइलनेट’सारख्या हलक्या नेटवर्कमध्ये बहुतेक काम 1×1 च्या चौकटी करतात. तिथे विनोग्राडची युक्ती लागूच होत नाही, बिट कमी करण्याची होते.

चिप दरवर्षी स्वस्त होत असताना एवढी गेट-गेट काटकसर कशाला, असंही विचारलं जातं. मुंबई आयआयटीत घडलेला ‘अजित’ हा प्रोसेसर 2019 मध्ये जगासमोर आला. तो मोहालीच्या सरकारी कारखान्यात 180 नॅनोमीटरच्या तंत्रावर तयार झाला होता. परदेशी कारखान्यांवर विसंबून न राहता लष्करी वाहनासाठी चिप करायची, तर अशा जुन्या तंत्राशीच गाठ पडते, आणि तिथे प्रत्येक गेट भरपूर जागा खातं. तिथल्या अभियंत्याने आधी बिट किती ते ठरवावं, मग नेटवर्क 3×3 चौकटींचं असेल तर विनोग्राडकडे वळावं, आणि गुणकाची मांडणी सगळ्यात शेवटी हाती घ्यावी. आपल्याकडचे विद्यार्थी-प्रकल्प बहुधा या शेवटच्या पायरीपासूनच सुरू होतात.