विहिरीच्या तळातले नाणे

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या विहिरींवर एक खेळ हमखास चालतो. काठावरून नाणे टाकायचे आणि बुडी मारून ते तळातून आणायचे. पाणी कितीही नितळ असो, नाणे दिसते ते पांढुरक्या डागासारखे. लहानपणी मीही ते चाचपडतच शोधत असे, आणि दोष पाण्याला देत असे!

खरे कारण वेगळे आहे. डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो आतल्या भिंगात नव्हे, तर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर. हवेचा वक्रीभवनांक १, पारपटलाचा सुमारे १.३८, म्हणून तेथे प्रकाश चांगला वळतो. पाण्याचा मात्र १.३३. फरकच उरला नाही, तर प्रकाश वळणार कसा? घरातले बहिर्गोल भिंग पाण्याच्या बादलीत बुडवून त्यातून नाणे पाहा. ते जेमतेमच मोठे दिसेल.

यावर उपाय एकच. डोळ्यापुढे हवा ठेवायची! मास्कची सपाट काच फक्त पाणी अडवते. दृष्टी परत मिळते ती आतल्या हवेमुळे. याची थोडी किंमत मोजावी लागते. चार मीटरवरची वस्तू तीनच मीटरवर भासते, आणि नवशिक्याची मूठ नाण्याच्या अलीकडेच मिटते.

जपानमधल्या शिंपले वेचणाऱ्या आमा स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोळ्यांवर काचेचे चष्मे बांधू लागल्या. पण खोल गेल्यावर नवीच अडचण आली. दहा मीटर खोलीवर एकूण दाब दुप्पट होतो. चष्म्यातली हवा आक्रसू पाहते, चष्मा मात्र आक्रसत नाही. मग डोळेच बाहेर ओढले जातात आणि बारीक रक्तवाहिन्या फुटतात. काही चष्म्यांना म्हणून हवेच्या लहान पिशव्या जोडलेल्या असत. पाण्याने पिशवी दाबली, की तिच्यातली हवा चष्म्यात शिरे. पुढे याहून सोपी युक्ती निघाली. नाकही काचेच्या आत घ्यायचे, आणि खाली जाताना नाकाने हलकेच हवा सोडायची. पोहण्याच्या गॉगलात नाक नसते, तेव्हा तो लावून विहिरीचा तळ गाठू नका.

नंतरचे बदल साहित्याचे. उन्हाने तडकणाऱ्या काळ्या रबराच्या जागी मऊ सिलिकोन आले, साध्या काचेच्या जागी फुटल्यास बोथट कण होणारी काच आली. चष्मा लागलेल्यांसाठी नंबरच्या काचाही मिळतात. काचेवर धुके धरू नये म्हणून कित्येक पाणबुडे आजही आतून थुंकी चोळतात; तिच्यामुळे बाष्पाचे थेंब न बनता पातळ थर पसरतो.

आता श्वासाच्या नळीविषयी. ती वीतदीड वीतच का? लांब नळी तोंडात धरून तळाशी का बसता येऊ नये? हिशेब करा. एक मीटर खोलीवर पाणी दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम वजनाइतके दाबते. छातीचा पुढचा भाग ३० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद धरला, तर छातीवर ९० किलोंचा भार झाला. नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची! छाती फुगणार कशी? शेतातली नळी घेऊन हा प्रयोग कोणी चुकूनही करू नये.

२०१४ साली डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीने संपूर्ण चेहरा झाकणारा, वर नळी असलेला मास्क आणला. २०२० च्या कोरोना साथीत इटलीतल्या अभियंत्यांनी त्रिमितीय छपाईने जोडभाग बनवून हाच मास्क रुग्णांना श्वास देण्यासाठी वापरला. पाण्यात मात्र तो पृष्ठभागापुरताच ठीक. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणून खोलवर कानांवरचा दाब सावरता येत नाही. आणि झडपा नीट नसल्या, तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आतच साठतो.

सहलीला मालवणला गेलात, तर सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात उतरण्यापूर्वी मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने किंचित श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तो तुमच्या मापाचा. पडला, तर दुसरा मागा.