खंडाळ्याचा घाट आणि परदेशातला फोन

१८५८ साली पुण्याहून निघालेली आगगाडी खंडाळ्यास येऊन थांबत असे. मुंबईकडील रूळ त्याआधीच घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीस पोहोचले होते. परंतु मधला बोरघाट उतारूंना पालखीत, तट्टावर किंवा पायी पार करावा लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि ही यातायात संपली. पुढे भ्रमणध्वनीचे युग आले, तेव्हा मुंबई आणि खंडाळा यांच्यामध्ये पुन्हा एक खंड पडला. या वेळी तो डोंगराने पाडलेला नव्हता, सरकारी परवान्याने पाडलेला होता.

मोबाईल सेवेचे परवाने देताना देशाची परिमंडलांत वाटणी करण्यात आली. मुंबई, नवी मुंबई व कल्याण यांचे एक परिमंडल, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा यांचे दुसरे. परवान्यांपुरती ही वाटणी अद्यापही कायम आहे. परिणामी दोन दिवसांच्या रजेवर खंडाळ्यास निघालेल्या मुंबईकराचा फोन घाट चढण्यापूर्वीच परमुलखात जात असे. त्यावर आलेला फोन नुसता घ्यायचा म्हटला तरी मिनिटामागे पैसे पडत. त्यामुळे घंटा वाजू द्यावयाची आणि मागाहून बाजारातील पिवळ्या पाटीच्या बूथवरून घरी फोन लावावयाचा, ही युक्ती अनेक संसारी माणसांनी केली. उलटपक्षी पुण्याचा फोन सुमारे सातशे किलोमीटरवरील नागपुरास नेला तरी तो घरचाच! आकारणीचा अंतराशी काडीचाही संबंध नव्हता, हे समजण्यास यापरते दुसरे उदाहरण नको.

हा भुर्दंड टप्प्याटप्प्याने गेला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००७, २०१३ व २०१५ साली देशांतर्गत रोमिंगचे दर उतरविले. पुढे २०१६-१७ मध्ये कंपन्यांत स्पर्धा पेटली आणि उरलेसुरले शुल्कही नाहीसे झाले. घाट तोच होता आणि परिमंडलांची सीमाही तीच होती. बदलला तो केवळ हिशेब.

परदेशी जाणाऱ्याची अडचण मात्र अद्याप त्या जुन्या खंडाळ्याच्या जातीचीच आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघालेली आई, जर्मनीत शिकावयास चाललेला विद्यार्थी, आयुष्यभराच्या बचतीतून युरोपची सहल करणारे निवृत्त शिक्षक दांपत्य, या सर्वांना घराशी संपर्क हवा असतो. आणि विमानातून उतरताच फोन चालू करावयाची भीतीही वाटते. ती अनाठायी नाही. परदेशातील मनोरा तेथील कंपनीचा असतो. तो वापरल्याबद्दल ती कंपनी भारतीय कंपनीकडे घाऊक दराने आकारणी करते, आणि भारतीय कंपनी त्यावर आपला नफा चढवून ग्राहकास बिल देते. भारतीय सिमकार्डावर रोमिंग करणाऱ्याने लंडनमध्ये लंडनचाच नकाशा उघडला, तरी ती माहिती बहुधा भारतातील कंपनीच्या यंत्रणेतून फिरून त्याच्या हाती येते. ग्राहकाने काहीही उघडले नाही, तरी फोनमधील निरनिराळी अ‍ॅप आपल्या मनाने डेटा ओढीतच असतात. पॅक न घेता गेलेल्या माणसाचे बिल असेच चढते.

यावर सध्याचा व्यवहार्य उपाय दोन सिमकार्डांचा आहे. भारतीय क्रमांक चालू ठेवावयाचा, त्यावरील डेटा रोमिंग बंद करावयाचे, आणि इंटरनेटसाठी तेथील सिम किंवा ई-सिम घ्यावयाचे. भारतीय क्रमांक काढून टाकणे परवडत नाही, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. सदाशिव पेठेतील खात्यातून घरभाडे भरावयाचे असले, तरी न्यू जर्सीत तो क्रमांक जिवंत असावा लागतो. त्यासाठी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सुविधा निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी. तो संदेश बहुधा विनामूल्य मिळतो. परंतु पॅक नसताना आलेला साधा फोन उचलला, तर समुद्रापलीकडच्या प्रवासाचा खर्च उचलणाऱ्यावर पडतो. पुण्याहून फोन करणाऱ्यास याची कल्पनाही नसते. जहाजावर आणि विमानात तर अधिकच सावध राहावे. तेथील सेवा उपग्रहामार्फत चालते आणि तिचे दर जमिनीवरील दरांहून पुष्कळ चढे असतात.

परंतु या क्लृप्त्या ज्याला जमतात त्याचेच रक्षण करतात. सत्तरीतल्या गृहस्थास फोनच्या सेटिंगमध्ये शिरून डेटा रोमिंगचे बटण शोधावयास लावणे, हे काही ग्राहकसंरक्षण नव्हे. युरोपीय संघाने २००७ पासून रोमिंगच्या दरांना मर्यादा घालण्यास आरंभ केला आणि १५ जून २०१७ पासून संघातील कोणत्याही देशात घरच्याच दराने फोन वापरता येऊ लागला. २०२२ मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आला. त्याहीपूर्वी तेथे आणखी एक शहाणी तरतूद झाली होती: डेटाचे बिल पन्नास युरोवर गेले, की ग्राहकाने स्वतः संमती दिल्याखेरीज सेवा पुढे चालत नाही. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथील काही मोठ्या कंपन्यांनी युरोपातील रोमिंगवर पुन्हा शुल्क बसविले. कायद्याचे बंधन सुटताच दर परत येतो, हे त्यातून दिसले.

भारताची स्थिती युरोपसारखी नाही, हा आक्षेप खरा आहे. परक्या देशातील कंपनीने घाऊक दर किती लावावा, हे ‘ट्राय’ ठरवू शकत नाही. मात्र दोन देशांना आपसांत बोलता येते. सिंगापूर व मलेशिया यांनी २०११ साली असा समझोता करून एकमेकांकडील रोमिंगचे दर उतरविले. नेपाळ, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर यांच्याशी भारतीयांची ये-जा मोठी आहे. वाटाघाटींचा आरंभ तेथून होण्यासारखा आहे. बिलाच्या मर्यादेस तर कोणत्याही परराष्ट्राची संमती लागत नाही. ठराविक रकमेवर डेटा आपोआप थांबावा आणि ग्राहकाने होकार दिल्यावरच पुढे चालावा, एवढा नियम कडक करून तो प्रत्येक कंपनीकडून पाळून घेणे दिल्लीच्या हाती आहे.