होडीचा पासंग

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला मामांकडे जाण्याचा योग आला. मामा तेथील सराफ्यात एका पेढीवर हिशेब लिहितात. राजवाड्याजवळचा हा सराफा एक नसून दोन आहेत असे म्हटले तरी चालेल. दिवसाचा सराफा सोन्याचांदीचा, आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांसमोर भरणारा भुट्ट्याचा कीस, गराडू, मावाबाटी आणि रबडीचा. माझा अधिक वेळ दुसऱ्या सराफ्यात गेला हे मी प्रांजळपणे कबूल करते. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय मला पहिल्या सराफ्यात सापडला, आणि तो विषय आहे मोटारबोट! सराफ्यात मोटारबोट कोठून आली, असे वाचक विचारतील. तेच सांगायचे आहे.

मामांच्या पेढीवर वजनाचे इलेक्ट्रॉनिक यंत्र एका काचेच्या पेटीत ठेवलेले असते. त्याच्या पायांना फिरक्या आहेत, आणि एका बाजूला काचेखाली पाण्यात एक बुडबुडा दिसतो. रोज सकाळी पेढी उघडली की मामा पायांच्या फिरक्या पिळून तो बुडबुडा बरोबर वर्तुळाच्या मध्यावर आणतात आणि मगच पहिले वजन करतात. यंत्र एका अंगाला कलले असेल तर वजनात फरक पडतो, आणि सोन्याच्या व्यवहारात गुंजेचा फरकही कोणी सोडत नाही. कपाटात जुना तराजूही जपून ठेवला आहे. त्याच्या दांडीच्या टोकाला बारीक फिरकी आहे. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर येत नसेल तर ती फिरकी किंचित आत-बाहेर करायची. ज्या तराजूला अशी सोय नसे, त्याच्या हलक्या पारड्याला एखादा लहानसा तुकडा बांधीत. तो पासंग. ‘अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण सहज बोलतो, पण पासंग ही वस्तू मी विसाव्या वर्षी प्रथमच पाहिली. आपल्याकडे मराठीत तागडी आणि कन्नडमध्ये तक्कडी म्हणतात. दोन्ही भाषांत बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना एकच शब्द दोनदा शिकावा लागत नाही, तेवढाच फायदा.

त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही सर्वजण ओंकारेश्वरला गेलो. इंदूरपासून हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. नर्मदेच्या मधोमध मांधाता नावाचे बेट आहे आणि त्यावर ज्योतिर्लिंगाचे देऊळ. पुलावरून चालत जाता येते, पण मामींना होडीतून जायचे होते. होडी साधीच, मागच्या बाजूला डिझेल इंजिन बसवलेली. मामा सर्वांत मागे, इंजिनाजवळच्या फळीवर, ऐसपैस बसले. आमचे मामा अंगाने चांगले भरलेले आहेत. होडीवाल्याने इंजिन सुरू करण्यापूर्वी एकवार होडीकडे पाहिले आणि म्हणाला, “सेठजी, आप आगे आ जाइए, पीछे वजन ज्यादा है.” लोकांशी तोळ्यामाशात बोलणाऱ्या मामांचे वजन असे भर घाटावर निघाले. ते म्हणाले, “अरे भिया, मी एकटा मागे बसलो तर तुझी होडी बुडते का?” होडीवाला हसला, पण मामा उठून पुढे जाईपर्यंत त्याने इंजिनाला हात लावला नाही.

मामा पुढे गेले आणि होडीचे वर उचललेले पुढचे टोक, ज्याला आपले कोकणातले लोक नाळ म्हणतात, ते खाली येऊन होडी पाण्याशी समांतर झाली. मला एकदम काचेखालचा बुडबुडा आठवला. मामा हे त्या होडीचे पासंग होते!

होडीच्या या पुढे-मागे कलण्याला इंग्रजीत ट्रिम म्हणतात. हा शब्द आता मराठीतही चालावयास हरकत नाही. उजवी-डावीकडे कलणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. ती का, हे थोड्या गणिताने कळते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जाणार नाही याची खात्री बाळगावी.

पेटीच्या आकाराची एक होडी घेऊ. लांबी ६ मीटर, रुंदी दीड मीटर. तिच्यात ७० किलो वजनाचा एक माणूस ३ मीटर पुढून मागे गेला. वजन गुणिले अंतर, म्हणजे ७० × ३ = २१०. एवढ्याने होडीची पिछाडी सुमारे २.३ सेंटिमीटर खाली जाते आणि नाळ तितकीच वर येते. आता तशीच तीन माणसे काही पाहण्यासाठी १ मीटर आडवी सरकली असे समजा. गुणाकार तोच, २१०. पण या वेळी होडीची एक कड ९ सेंटिमीटरहून अधिक खाली जाते, आणि होडी सुमारे ७ अंशांनी कलते. लांबीच्या दिशेने हाच कोन अर्ध्या अंशाहूनही कमी होता. कलण्याला होणारा पाण्याचा विरोध लांबी आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. येथे लांबी रुंदीच्या चौपट आहे, म्हणून आडवे कलणे १६ पट सोपे. माणसे उभी असतील तर गुरुत्वमध्य वर चढतो आणि होडी याहूनही जास्त कलते. वजन किती उंच गेले म्हणजे तरंगणारी वस्तू उलटते, याचे शास्त्र पिएर बुगेर या फ्रेंच पंडिताने १७४६ साली जहाजांवरील ग्रंथात मांडले.

हे झाले संथ होडीचे. वेगाने धावणाऱ्या बोटीचा प्रश्न निराळा आहे. तो आम्ही हनुवंतियाला पाहिला. इंदिरासागर धरणाच्या जलाशयावर खंडवा जिल्ह्यात हे ठिकाण आहे, आणि २०१६ पासून तेथे जलमहोत्सव भरू लागला. तेथे मामेभावाबरोबर मी स्पीडबोटीत बसले. बोट सुटताच नाळ आकाशाकडे गेली आणि समोरचे काही दिसेनासे झाले. काही क्षणांत ती आपोआप खाली आली आणि बोट पाण्यातून जाण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागली. चालकाचा अंगठा वेगाच्या दांड्यावरील एका लहान बटणावर सारखा वरखाली होत होता. उतरल्यावर त्याला विचारले, तेव्हा त्याने मागे नेऊन यंत्र दाखवले.

बोटीच्या पाठीला बाहेरून अडकवलेल्या अशा इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड या नॉर्वेजियन गृहस्थाने १९०९ पासून ते विकावयास सुरुवात केली आणि त्याचा प्रसार केला. इंजिनाचा खालचा पाय पाण्यात असतो आणि त्याच्या टोकाला पंखा. हा पाय बोटीकडे ओढून घेतला की पंख्याने फेकलेले पाणी किंचित खाली जाते, पिछाडी उचलली जाते आणि नाळ दबते. पाय बोटीपासून दूर लोटला की उलट होते, म्हणजे पिछाडी दबते आणि नाळ वर येते. लहान आणि जुन्या इंजिनांत यासाठी फक्त एक खीळ असते. कंसाच्या पट्टीत ओळीने भोके पाडलेली असतात. हव्या त्या भोकात खीळ घालायची आणि पाय तिच्यावर टेकवायचा. बदल करायचा तर बोट थांबवून, हात ओले करून खीळ काढावी लागते. मोठ्या इंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे हेच काम धावत्या बोटीत करतात, आणि चालकाचे बटण त्यांचेच. इंजिन बोटीच्या आत आणि फक्त पाय बाहेर, अशी रचना स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९५९ साली बाजारात आणली. तिच्याही पायाला असे झुकवता येते.

चालकाची रीत अशी. सुटताना पाय पूर्ण आत, म्हणजे नाळ फार वर जात नाही आणि बोट लवकर पाण्यावर चढते. वेग आला की पाय हळूहळू बाहेर, म्हणजे तळाचा कमी भाग पाण्याला घासतो आणि तेल वाचते. साधारण ३ ते ५ अंश नाळ वर असली की अशी बोट हलकी धावते. हाव धरून पाय आणखी बाहेर काढला तर बोट बेडकासारखी उड्या मारू लागते. शेवटी पंखा हवा ओढतो, इंजिन ओरडते आणि वेग मात्र पडतो. उलट, भर वेगात पाय आतच ठेवला तर नाळ पाण्यात रुतते आणि बोट अचानक एका बाजूला वळू पाहते. अनोळखी माणसाच्या हाती बोट असताना हे दुसरे अधिक वाईट.

दुसरे साधन म्हणजे पिछाडीला तळाच्या पातळीवर बिजागरीने बसवलेली दोन पाती, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाते खाली झुकवले की वाहते पाणी त्याला वर ढकलते, म्हणजे पिछाडीची ती बाजू वर आणि तिच्या विरुद्ध बाजूची नाळ खाली. दोन्ही पाती सारखी झुकवली तर ट्रिम बदलते. एकच झुकवले तर आडवा कल दुरुस्त होतो, जसे एका अंगाला जाड गृहस्थ बसलेले असताना. येथे एक गंमत आहे. चालकासमोरची बटणे बहुधा नाळेच्या हिशेबाने लावलेली असतात. डावी नाळ खाली करण्याचे बटण दाबले की प्रत्यक्षात उजवे पाते झुकते. नवशिक्याने मागे वळून पात्याकडे पाहत बटणे दाबली तर तो गोंधळलाच म्हणून समजा. याशिवाय काही नव्या बोटींत बिजागरीच्या पात्याऐवजी पिछाडीच्या कडेवर उभी पट्टी सरकते. ती काही मिलिमीटर खाली आली तरी पुरते. आउटबोर्डच्या पंख्यावर एक इवलासा पंख असतो, तो मात्र बोट उचलण्यासाठी नव्हे. पंखा एकाच दिशेने फिरत असल्याने सुकाणूला जी एकांगी ओढ बसते, ती मोडण्यासाठी तो थोडा तिरका करतात. पासंग म्हणावे तर हाच खरा पासंग.

या सर्व साधनांना एकच भांडवल लागते, ते म्हणजे वेग. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारी बोट १० मीटरवर आली तर वेग पाचपट, पण पात्यावरचा जोर २५ पट. उलट बाजूने वाचले तर बोट मंदावली की हा जोर नाहीसा होतो, आणि थांबलेल्या बोटीत पाते म्हणजे नुसता पत्रा. तेव्हा उरतात फक्त माणसे आणि ती कोठे बसली आहेत ते. म्हणूनच ओंकारेश्वरच्या होडीवाल्याला पात्यांचे काम मामांकडून करून घ्यावे लागले. गोव्याच्या फेरीबोटीतही स्कूटर आणि मोटारी कोठे लावायच्या हे खलाशी हाताच्या खुणेने ठरवतो. आपण मात्र त्याच्यावर वैतागतो, मीही वैतागले आहे.

आडव्या कलाचे परिणाम वर्तमानपत्रांत आलेले आहेत. १३ सप्टेंबर २०१९ रोजी भोपाळच्या छोट्या तलावात, खटलापुरा घाटाजवळ गणेशविसर्जन चालू असताना होडी उलटून ११ जण बुडाले. इंदूरला हे अजून सांगितले जाते. केरळात थेक्कडीच्या जलाशयावर ३० सप्टेंबर २००९ रोजी ४५ पर्यटक गेले. रानातील जनावरे पाहण्यासाठी लोक एका बाजूला धावल्याचे तेव्हा सांगण्यात आले, बोटीच्या रचनेतले दोषही पुढे आले.

पण या विषयात मला सर्वांत विचार करायला लावले ते वेगळ्याच गोष्टीने. आपल्या हिशेबशास्त्रात तेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर असे होत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. दोन्ही बाजूंना सारखीच चूक असेल तर तेरीज बिनतक्रार जुळते. होडीचेही तसेच आहे. दुप्पट माणसे नीट वाटून बसवली तर होडी अगदी समांतर दिसते, बुडबुडा मध्यावर! फक्त पाण्यावर उरलेली कड चार बोटे असते. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक जण होते. ट्रिम जमवणारे कोणतेही यंत्र जास्तीचे वजन कमी करू शकत नाही, ते फक्त इकडचे तिकडे करते. आपल्याही सहली दरवर्षी पाण्याच्या काठी जातात, आणि बोटीत चढण्यापूर्वी क्षमतेचा फलक कोणी वाचल्याचे मला तरी आठवत नाही. फलकावरचा आकडा वाचावा, डोकी मोजावी, जॅकेटे आधी बांधावी, फोटो काढायला सगळ्यांनी एका कडेला जाऊ नये. हे काम सरांवर ढकलण्यासारखे नाही. सरही फोटोतच असतात.

ओंकारेश्वरहून परतताना मामा कोणी न सांगता पुढच्या फळीवर जाऊन बसले. मध्यावर आल्यावर एक तरुण उभा राहून कडेशी झुकून मोबाइलवर फोटो घेऊ लागला. मामांनी त्याला दोनदा सांगितले, “बैठ जाओ भिया.” तो बसेना. मग होडीवाल्याने इंजिन बंद केले आणि काहीही न बोलता बिडी काढली. बिडी पेटायच्या आत तो तरुण खाली बसला.