एकादशी आणि दुप्पट खाशी

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. वजन उतरावे म्हणून उपवास धरणाऱ्यांनी मात्र ती आकडेमोड करून तपासण्यासारखी आहे.

अन्नातील ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात. आहाराच्या चर्चेत तिलाच नुसते ‘कॅलरी’ म्हणण्याची पद्धत आहे. १ ग्रॅम कर्बोदकांपासून सुमारे ४, १ ग्रॅम प्रथिनांपासून ४ आणि १ ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ कॅलरी मिळतात. चोथ्यापासून अगदी थोडी ऊर्जा मिळते आणि पाण्यापासून मुळीच नाही. एवढ्या माहितीवर दोन ताटल्यांची तुलना करू.

पहिल्या ताटलीत साबुदाण्याची खिचडी आहे. ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा (१७५ कॅलरी), २५ ग्रॅम दाण्याचे कूट (१४०), दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम तूप (९०) आणि लहानसा बटाटा (३५). एकूण सुमारे ४४० कॅलरी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यामुळे या ताटलीतील सातेक ग्रॅम प्रथिने बहुतांशी दाण्यांचीच.

दुसऱ्या ताटलीत ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी (१७०), ३० ग्रॅम मुगाची उसळ (१००), तिच्यात चमचाभर तेल (४५), १०० ग्रॅम काकडी (१५) आणि पेलाभर पातळ ताक (४०). एकूण सुमारे ३७० कॅलरी आणि तेरा-एक ग्रॅम प्रथिने. म्हणजे ऊर्जा कमी, प्रथिने जवळजवळ दुप्पट आणि अन्नाचे वजन व आकारमान तर कितीतरी जास्त.

पोट काय मोजते?

पोटाला कॅलरी थेट मोजता येत नाहीत. जठर ताणले गेले की मज्जातंतूंमार्फत मेंदूला संदेश जातो. आतड्यात अन्न, विशेषतः प्रथिने, पोचली की काही संप्रेरके तृप्तीची जाणीव वाढवतात. म्हणून पाणी, चोथा आणि प्रथिने असलेले अन्न थोड्या ऊर्जेत पोट भरते.

सिडनी विद्यापीठातील सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली याची चाचणी घेतली. ३८ पदार्थांचे प्रत्येकी सुमारे २४० कॅलरींचे वाटे विद्यार्थ्यांना देऊन पुढचे दोन तास त्यांची तृप्ती नोंदवली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर लोणीयुक्त क्रॉसाँ पावाला ४७ मिळाले आणि उकडलेल्या बटाट्याला ३२३! वजन वाढवणारा म्हणून बदनाम झालेला बटाटा पहिला आला. दोष बटाट्याचा नसून कढईचा आहे. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ८०-९० कॅलरी असतात. तळताना त्यातील पाणी जाते, तेल शिरते आणि तेवढ्याच वजनाच्या वेफर्समध्ये पाचशेहून अधिक कॅलरी होतात.

भात सोडून पोळी किंवा भाकरी धरल्याने आपोआप वजन उतरते, हाही गैरसमज. तांदूळ, गहू, ज्वारी या साऱ्यांच्या १०० ग्रॅम कोरड्या धान्यात ३३० ते ३६० कॅलरी असतात. ज्वारी-बाजरीत चोथा अधिक, हा फायदा खराच. पण तीन भाकऱ्या त्या तीनच. ताटातील धान्य थोडे कमी करून त्या जागी उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर वाढवणे हा खरा बदल. उपवासच करायचा, तर उकडलेले रताळे, फळे, दूध आणि ताक आहेच.

वजनकाटा पुरेसा नाही

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा शरीरभार निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांतही चरबी जास्त असू शकते, हे यातून ठसते. म्हणून नुसते कमी खाऊन वजन घटवले आणि प्रथिने व व्यायाम यांकडे दुर्लक्ष केले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

वेगाचाही हिशोब करावा. १ किलो चरबीयुक्त ऊतीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज २५० कॅलरींची तूट राखली तर महिन्याला किलोच्या आसपास घट होईल. वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही कमी होत असल्याने पुढे ती मंदावते. आठवड्यात पाच किलोची हमी देणाऱ्या जाहिराती या गणितात बसत नाहीत.

वर्गात करून पाहा

घरात महिन्याला किती तेल लागते आणि जेवणारी माणसे किती, हे विद्यार्थ्यांनी विचारून यावे. १ लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम. माणशी महिना १ लिटर म्हणजे रोज ३० ग्रॅम, अर्थात २७० कॅलरी. हे उदाहरण फळ्यावर सोडवताना कोणाच्या अंगलटीवर चर्चा होणार नाही, एवढे पाहावे.

एक गोष्ट मात्र मुलांना, विशेषतः आठवी-नववीच्या मुलींना, स्पष्ट सांगायला हवी. वाढीच्या वयात डबा टाळून बारीक होणे म्हणजे रक्तक्षयाला निमंत्रण. त्यांच्यासाठी डब्यात उसळ, शेंगदाणे, पालेभाजी आणि सुट्टीत मैदान हेच योग्य. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी आहारात कपात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.