सायकलचं कुलूप : तारेवर विसंबू नका

परवा खोताच्या वाडीत शेजारच्या मुलाची सायकल गेली. ओट्यापाशी उरली फक्त कापलेली तार. प्लास्टिकचं जाड वेष्टण, आत तार बोटभरही नाही!

गेली बारा वर्षं सायकल चालवतोय, म्हणून सांगतो.

तारेचं कुलूप साध्या कटरने काही सेकंदांत तुटतं. तीन आकडी नंबरचं असेल तर जुळण्या फक्त १०००. दुपारच्या सामसुमीत बसून कुणीही लावून बघेल. जुन्या सायकलींना मागच्या चाकाला असतं ते गोल कुलूप चाक अडवतं, पण सायकल उचलून नेता येतेच.

हजाराच्या आत घ्यायचं तर यू आकाराचं कुलूप किंवा कडक पोलादाची जाड साखळी. यू लहानच बरा. मोकळी जागा कमी, म्हणजे पहार घालायला वाव कमी. साखळी जमिनीला टेकू देऊ नका; जमिनीचा आधार मिळाला की कटरवर सगळं वजन टाकता येतं.

कुलपात फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही घ्या. नुसतं पुढचं चाक बांधलंत तर चाकच उरेल.

आणि बांधायचं कशाला? आपल्या वाडीतले लाकडी कठडे देखणे, पण करवतीपुढे काय टिकणार! भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी गज बघा.

चौपाटी जवळ, हवा खारी. किल्लीचं भोक खाली ठेवा, अधूनमधून तेल द्या.

पायडलच्या आसाखाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो आजच काढा, तक्रारीला लागतो.

तुमचं कुलूप कोणतं? फोटो टाका, बघून सांगतो.